फळं उतरली की झाडाकडे पाहा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त भरलेल्या सभासदांच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या सूचनेवरून लिहून दिले आहे.)



पंचवीस वर्षांचा इतिहास माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगितला. प्लॉट कसे पडले, नळाला पाणी कधी आलं, रस्त्याचं डांबर किती वेळा उखडलं, सगळं आलं. मला वीस मिनिटं दिली आहेत. त्यात मी अशा सभासदांबद्दल बोलणार आहे, ज्यांचं नाव सभासद नोंदवहीत नाही, पण ज्यांनी एकदाही मेंटेनन्स थकवला नाही. आपल्या मोकळ्या जागेत चार आंबे आहेत, तीन लिंबं, दोन पेरू आणि दोन सीताफळं. पहिल्या पावसाळ्यात लावलेली. म्हणजे त्यांचंही रौप्यमहोत्सवी वर्ष हेच.

विषय मुद्दाम घेतला आहे. येत्या वार्षिक सभेसमोर एक प्रस्ताव येणार आहे, तो आपणा सर्वांना माहीत आहे. फाटकाजवळचा लंगडा आंबा दोन वर्षं फळला नाही, त्याच्या मुळांनी पेव्हिंग ब्लॉक उचलले, पानांचा कचरा पडतो, तेव्हा तो काढून तिथे दोन गाड्यांची जागा करावी, असं काही सभासदांचं म्हणणं आहे. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. गाड्या वाढल्या, जागा तेवढीच राहिली, हे मलाही दिसतं. पण "झाड वांझ झालं" हे जे कारण त्यात लिहिलंय, त्याबद्दल मला बोलायचं आहे. झाड वांझ झालेलं नाही. त्याला आपण जेवण देतो, पण चुकीच्या वेळी देतो.

आता बघा, आपलं झाडाकडे लक्ष कधी जातं? माघात मोहोर आला की. येता-जाता सगळे मान वर करून पाहतात. मग कैऱ्या लागतात, पोरं दगड घेऊन येतात. अक्षय तृतीयेला पितरांना रस दाखवला की घरोघरी आंबा सुरू होतो. जून उजाडला, शेवटचा पाड उतरला की झाडाचं आणि आपलं नातं संपलं, ते थेट पुढच्या मोहोराला. आणि नेमके हेच दिवस, फळ उतरल्यापासूनचे अडीच-तीन महिने, पुढच्या वर्षी फळ येणार की नाही हे ठरवणारे असतात.

ते कसं, हे थोडं सांगतो. आंब्याला मोहोर येतो तो फांदीच्या शेंड्याला, पण कोणत्याही शेंड्याला नाही. पावसाळ्यात जी तांबूस कोवळी पालवी फुटते, ती हिरवी होऊन, काडी पक्की होऊन चार-पाच महिन्यांची झाली, म्हणजे थंडीत तिच्या टोकाला मोहोर धरतो. जून-जुलै-ऑगस्टमध्ये फुटलेली काडी डिसेंबर-जानेवारीपर्यंत तयार होते. हीच पालवी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुटली तर थंडीच्या वेळी ती कोवळीच असते. मोहोर येत नाही, फार तर आणखी पानं येतात. म्हणजे डिसेंबरात झाड हिरवंगार दिसतं, आपण खूश होतो, आणि मेमध्ये म्हणतो की यंदा काहीच नाही.

ज्या वर्षी झाड लदलदून फळतं, त्या वर्षी त्याचा साठा फळांत जातो. पोर अंगावर पिणाऱ्या बाईला आपण डिंकाचे लाडू देतो, हाळीवाची खीर देतो. तसं फळ उतरल्यावर झाड रिकामं झालेलं असतं आणि त्याच वेळी त्याला नवी पालवी फोडायची असते. पालवीला सगळ्यात जास्त लागतं ते नत्र, ज्याला शाळेतली मुलं नायट्रोजन म्हणतात. पानाचा हिरवा रंग, पानातली प्रथिनं, सगळं नत्रावर उभं आहे. झाड हे नत्र घेतं आणि सगळं लगेच वापरून टाकत नाही. काही सालीत, लाकडात, मुळांत साठवून ठेवतं. आंबा, संत्रा यांसारख्या सदाहरित झाडांची जुनी पानंसुद्धा कोठारच असतात. काश्मीर-हिमाचलातलं सफरचंदाचं झाड तर पानं गाळण्याआधी पानांतलं नत्र ओढून सालीत घेतं, आणि वसंतातला पहिला फुटवा व फुलं बऱ्याच अंशी त्या साठ्यावर काढतं. म्हणून तिकडेही फळ तोडल्यावर, पानं हिरवी असेपर्यंत झाडाला नत्र देण्याची रीत आहे. पान पिवळं पडून गळायला लागलं की दिलेलं त्याला घेता येत नाही.

आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर मोहोर हा चेक आहे. तो वटायचा तर खात्यात आधी भरणा पाहिजे. चेक टाकल्यावर पैसे घेऊन धावत आलं तर उपयोग होत नाही.

नोकरीत असताना वरुड-मोर्शीकडच्या संत्राबागांची पाहणी करायचं काम बरेचदा पडलं. अमरावती जिल्ह्यातला तो पट्टा संत्र्याचा. तिथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ज्यांच्या बागा पंचवीस-तीस वर्षं टिकल्या, त्यांच्या खर्चाच्या वहीत माल तुटल्यानंतरच्या दिवसांत नोंदी असायच्या. सल काढण्याची मजुरी, बोर्डो मलमाचं सामान, शेणखताच्या ट्रॉल्या, ढेप. नव्या मुलांना सांगतो, सल म्हणजे झाडावरच्या वाळलेल्या काड्या. त्या हिरव्या भागापर्यंत छाटायच्या, नाहीतर वाळणं खाली उतरत जातं. ज्यांच्या बागा लवकर बसल्या, त्यांच्या वहीत व्यापाऱ्याकडून पैसे आल्याची नोंद असे आणि मग एकदम पुढच्या बहाराचं कर्ज. मधली पानं कोरी.

संत्र्याचं वेळापत्रक मात्र आंब्यापेक्षा निराळं आहे, हेही सांगितलं पाहिजे. आंबिया बहार म्हणजे आंबा मोहोरतो त्याच सुमाराला, जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा. त्याचा माल दिवाळीच्या आसपास निघायला लागतो. त्यानंतर बाग ताणावर सोडतात, पाणी तोडतात. ताणावरच्या झाडाला नत्र देत नाहीत. ताण सुटतो तेव्हा पाण्याबरोबर खत जातं. मृग बहार पावसाने फुलतो, त्याचं खत पावसाबरोबर. म्हणजे "फळ उतरलं की लगेच युरिया" असा आंधळा नियम नाही. नियम असा की फळ उतरल्यावर झाड पुन्हा कामाला लागतं तेव्हा, जमीन ओली असताना आणि पानं हिरवी असताना त्याचं जेवण हजर पाहिजे. ज्या वेळी झाडाने विश्रांती घ्यायची, त्या वेळी ताट वाढायचं नाही. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ साली झालं, नागपूरची लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था १९८५ साली. या दोन्ही ठिकाणच्या शिफारशींत खताच्या मात्रेइतकंच महत्त्व त्याच्या वेळेला असतं. आपण शिफारस वाचतो ती फक्त किलो पाहायला.

आता आपल्या लंगड्याकडे येऊ. त्याला खत मिळत नाही असं नाही. मग काय बिघडलं?

सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. आपली सभा नेहमी त्या शेवटच्या आठवड्यात होते. अंदाजपत्रक मंजूर होतं, बगिच्याचे पैसे मोकळे होतात. मग दिवाळीची साफसफाई निघते. आळी खणली जातात, चुना-गेरू लागतो आणि त्याच झपाट्यात झाडांना युरिया पडतो. वर्षानुवर्षं ही पद्धत चालली आहे. यात कुणा एका समितीचा दोष नाही. सोसायटीचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, पैसा सप्टेंबरअखेर सुटतो, झाडाचं वर्ष मृगाला सुरू होतं. या तिघांची गाठच पडत नाही. आंबा जूनपासून उपाशी राहतो आणि झोपायच्या वेळी त्याच्यापुढे पंगत मांडली जाते. मग तो नोव्हेंबरात पालवी फोडतो.

त्यात भर म्हणजे फाटकाजवळची जागा गाड्या धुण्याची. हिवाळाभर रोज सकाळी त्या आळ्यात पाणी उतरतं. मोहोराआधी आंब्याला दोन महिने कोरडे हवे असतात. जमीन वाळली, हवा थंड झाली म्हणजे तो पानं काढणं थांबवून मोहोराची तयारी करतो. इथे खतही आहे, पाणीही आहे, तर तो कशाला थांबेल? मागच्या बाजूच्या दशहरीकडे बघा. तिला दिवाळीचं खत मिळतं, पण गाडीचं पाणी मिळत नाही. ती थोडी तरी फळते. आणि कुंपणाजवळच्या गावरान आंब्यापर्यंत आपलं खतही पोचत नाही. तिथे तूर-पऱ्हाटीच्या शेताची कड आहे, शेळ्या बसतात, पालापाचोळा कुजतो. तो गरिबीतसुद्धा दरसाल लोणच्यापुरतं देतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. लंगडा आणि दशहरी या जातीच एक वर्षाआड फळणाऱ्या. हा त्यांचा स्वभाव आहे, तो खताने पूर्ण जात नाही. दरवर्षी फळणारं झाड हवं होतं तर आम्रपाली लावायला हवी होती, जी दिल्लीच्या संस्थेत दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून तयार झाली. पण आडसाली फळणारं झाड लागोपाठ दोन वर्षं रिकामं जातं, तेव्हा स्वभावाच्या पलीकडे काहीतरी आहे. ते काहीतरी वर सांगितलेलं आहे, असं माझं मत आहे. आणि ते दुरुस्त करायला दोन गाड्यांच्या जागेपेक्षा पुष्कळ कमी खर्च येतो.

काय करायचं, ते आता क्रमाने सांगतो. बहिणींनो, यातलं घरच्या झाडालाही लागू आहे.

शेवटचा आंबा उतरला की आधी झाड साफ करायचं. वाळलेल्या काड्या, मोहोराचे सुकलेले देठ, बांडगूळ असेल तर ते फांदीसकट काढायचं. बांडगूळ झाडाच्या जिवावर पोसतं, त्याला आपण खत का घालावं? त्यानंतर आळं. खोडाला लागून खत टाकण्याची आपली सवय आहे, ती सोडावी. खोडाजवळ जाड मुळं असतात, ती झाडाला धरून ठेवतात. खाणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराच्या कडेला, दुपारी बारा वाजता सावली पडते तिच्या कडेला असतात. तिथे हात-दीड हात रुंद आणि वीतभर खोल चर गोल काढायचा. खणताना जाड मूळ लागलं तर त्याला वळसा घालायचा, तोडायचं नाही. फाटकाजवळ या कडेवर ब्लॉक बसलेले आहेत. म्हणजे ज्या मुळांनी ब्लॉक उचलले म्हणून आपण रागावलो आहोत, ती पाण्या-हवेसाठी वर आलेली आहेत. तिथले ब्लॉक काढून माती मोकळी केली, तर ब्लॉक उचलले जाण्याचं गाऱ्हाणंही तेवढं कमी होईल.

खत किती? पूर्ण वाढलेल्या, दहा वर्षांवरच्या बागेतल्या आंब्याला वर्षाला ५० किलो शेणखत आणि दीड किलो नत्र ही आपल्या राज्यात सांगितली जाणारी मात्रा. सोबत स्फुरद आणि पालाशही असतं. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे दीड किलो नत्रासाठी सव्वातीन किलो युरिया लागेल. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का. ५० किलोतून पाव किलो मिळतं, तेही सावकाश. पण शेणखताशिवाय नुसता युरिया म्हणजे भाकरीशिवाय नुसता ठेचा. काळी जमीन भुसभुशीत राहायला आणि दिलेलं खत धरून ठेवायला शेणखतच लागतं. ही मात्रा बागाईतदाराची, जो झाडावरून गाडीभर माल काढतो. आपल्या आवारातल्या झाडांना रासायनिक खताची अर्धी मात्रा पुरे. प्रत्येक आंब्याला चार-पाच टोपली चांगलं कुजलेलं शेणखत, आणि दीड किलो युरिया दोन हप्त्यांत. पहिला हप्ता मृगाचा पाऊस होऊन जमीन ओली झाली की, पाऊण किलो. दुसरा महिना-दीड महिन्याने, ऑगस्टमध्ये, पुन्हा पाऊण किलो. सप्टेंबरच्या मध्यानंतर नत्र बंद. दिवाळीला झाडाला चुना-गेरू लावा, दिवा लावा, युरिया लावू नका.

युरिया वर पसरून ठेवू नये. आपली घाटंजीची काळी माती चुनखडीची, विम्लधर्मी. उघड्यावर पडलेल्या युरियाचा अशा मातीत अमोनिया होऊन हवेत उडून जातो. ओल्या चरात टाकून लगेच मातीने झाकायचा. धो-धो पाऊस लागलेला असेल त्या दिवशीही नको, सगळं वाघाडीला जाऊन मिळेल. ज्यांना रासायनिक नको असेल त्यांनी निंबोळी ढेप वापरावी. आपल्या वडिलांच्या काळी युरिया नव्हताच. शेतात मेंढ्या बसवायचे, धनगराला त्याबद्दल धान्य द्यायचे. जर्मनीत फ्रिट्झ हाबरने हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला तो १९०९ साली, आणि १९१३ पासून तो कारखान्यात होऊ लागला. आपल्या देशात सिंद्रीचा मोठा खत कारखाना १९५१ साली सुरू झाला. त्याआधीही आमराया होत्याच. नत्र कुठल्या पोत्यातून आलं हे झाडाला कळत नाही, ते वेळेवर आलं की नाही हे कळतं.

बाकीच्या झाडांचं थोडक्यात. पेरूला नव्या फुटीवर फळ धरतं. हिवाळ्यातला पेरू संपला की हलकी छाटणी करायची आणि खत पावसाबरोबर द्यायचं. सीताफळ दिवाळीपर्यंत उतरतं, मग ते पानं गाळून झोपी जातं. त्याला फळ उतरल्याबरोबर खत घालणं व्यर्थ आहे. त्याचं जेवण पुढच्या जूनमध्ये, पान आल्यावर. लिंबू बिचारं वर्षभर थोडं-थोडं देतं, तेव्हा त्याला वर्षातून तीन वेळा थोडं-थोडं द्यावं, दर खेपेला शंभर-सव्वाशे ग्रॅम युरिया आणि टोपलंभर शेणखत.

पान वाचायलाही शिकलं पाहिजे. खालची जुनी पानं सगळीच्या सगळी फिकट पिवळी पडत असतील, तर नत्र कमी आहे. झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देत असतं, घरातले म्हातारे देतात तसं. पण शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर ते लोहाचं दुखणं आहे. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लिंबाला ते हमखास होतं. त्याला युरिया ओतून काही होत नाही. शंका असेल तर मातीचा नमुना तपासून घ्यावा. यवतमाळला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे विचारता येतं.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. एक, आपली बोअर दशहरीपासून फार लांब नाही. झाडाने न उचललेलं नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली जातं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको, असं भारतीय मानक आहे. जास्त असलं तर तान्ह्या बाळांना धोका असतो. म्हणून "थोडं जास्त टाकलं तर काय बिघडलं" हे बिलकुल म्हणायचं नाही, आणि बोअरचं पाणी वर्षातून एकदा तपासून घ्यायचं. दुसरं, युरियाचं पोतं उघडं ठेवायचं नाही. गाय-म्हैस, शेळी मिठासारखं चाटते आणि विषबाधा होऊन दगावते. आपल्या मागच्या बाजूला जनावरं फिरतात. उरलेलं खत कुलपात राहील, मुलांच्या हाती लागणार नाही, ही जबाबदारी कुणा एकाच्या नावाने लिहून ठेवावी.

आता पैशाचं. त्याशिवाय माझं भाषण संपलं असं कुणाला वाटणार नाही.

निमलेपित युरियाची ४५ किलोची सरकारी दराची बॅग २६६ रुपये ५० पैशांची आहे. आपल्या चार आंब्यांना वर्षाचा मिळून सहा किलो युरिया लागतो. हिशेब करा, चाळीस रुपयेसुद्धा होत नाहीत. खर्च आहे तो शेणखताच्या ट्रॉलीचा आणि दोन मजुरांच्या तीन-चार दिवसांच्या मजुरीचा. म्हणजे प्रश्न रकमेचा नाही, तारखेचा आहे. बँका खरिपाचं पीककर्ज एप्रिलपासून का वाटायला लागतात? कारण शेतकऱ्याला बियाणं-खत मृगाआधी घरात लागतं. तेच कर्ज दिवाळीत दिलं तर कागदावर वाटप झालं, शेताला उपयोग शून्य. आपल्या बगिच्याच्या तरतुदीचं आपण तेच करतो आहोत.

सोसायटीच्या उपविधीत सिंकिंग फंड का ठेवला आहे? इमारत नवी असताना, काहीही गळत नसताना आपण बांधकाम खर्चाच्या निदान पाव टक्का रक्कम दरवर्षी बाजूला काढतो. सभासद कुरकुरतात, काही गरज नसताना कशाला? पंचवीस वर्षांनी स्लॅब गळायला लागला की कळतं. फळं उतरल्यानंतरचं खत हा झाडाचा सिंकिंग फंड आहे. गरज दिसत नाही तेव्हाच भरायचा असतो.

म्हणून माझ्या सभासदांना तीन विनंत्या आहेत. पहिली, येत्या सभेत बगिच्याची तरतूद मंजूर करताना तिच्यातली निम्मी रक्कम पुढच्या जूनसाठी राखून ठेवल्याचा स्पष्ट ठराव व्हावा, म्हणजे समितीला पावसाळ्याआधी कुणाची वाट पाहावी लागणार नाही. दुसरी, दसऱ्यापासून मोहोर येऊन बोराएवढी कैरी धरेपर्यंत फाटकाजवळच्या आळ्यात गाड्यांचं पाणी जाऊ नये. गाड्या धुण्याची जागा चार पावलं पलीकडे हलवावी. तिसरी, लंगडा काढण्याचा प्रस्ताव दोन वर्षं स्थगित ठेवावा. तसंही आपण नगर परिषदेच्या हद्दीत आहोत. १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय आपल्याला झाडाला कुऱ्हाड लावता येत नाही, आणि अर्जात "फळ येत नाही" हे कारण लिहायला मला तरी संकोच वाटेल.

दोन वर्षंच का? आडसाली झाडाचं खरं-खोटं एका वर्षात कळत नाही. एक वर्ष जोराचं, एक वर्ष हलकं, असा फेरा बघावा लागतो. येत्या दिवाळीचं खत चुकवलं की पहिला मोहोर या हिवाळ्यातच थोडा सुधारलेला दिसू शकेल. जूनच्या खताचा परिणाम त्याच्या पुढच्या हिवाळ्यात दिसेल. त्यानंतरही झाड रिकामंच राहिलं, तर पार्किंगचा प्रस्ताव पुन्हा आणा. त्या वेळी निदान आपण असं म्हणू शकू की याला वेळेवर जेवू घालून पाहिलं होतं. आज आपल्याला तसं म्हणता येत नाही.

आणि मुलांनो, एक काम तुमच्याकडे. पुढच्या जूनमध्ये शेवटचा आंबा उतरेल त्या तारखेची नोंद करा. पहिली तांबूस पालवी कधी दिसली, ती हिरवी कधी झाली, मोहोर कोणत्या फांदीवर आला, ते वहीत लिहा. चारही झाडांची वेगवेगळी पानं ठेवा. दोन वर्षांनी सभेत वाद झाला तर माझं भाषण कुणी काढून वाचणार नाही, पण तुमची वही पुढे ठेवता येईल. आकड्यांपुढे मोठी माणसंही गप्प बसतात, हा माझा चाळीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव आहे.

  सोसायटीला आणि सोसायटीच्या झाडांना सुवर्णमहोत्सवासाठी शुभेच्छा देतो आणि थांबतो.